म्युझियमपासून चालत पाच मिनिटं

पुण्या-ठाण्याच्या नातेवाइकांचा असा पक्का समज आहे की चंबळ आणि नर्मदा यांच्यामध्ये जे जे काही आहे, ते इंदूरवाल्यांच्या परसात आहे. उज्जैनला भस्मारती करायची? इंदूरला फोन. ओंकारेश्वरला अभिषेकासाठी गुरुजी हवेत? इंदूरला फोन. मांडूत पाऊस सुरू झाला का, हेही आम्ही गॅलरीतून डोकावून सांगावं अशा सुरात विचारतात. तेव्हा यंदा आत्याच्या मंडळींनी महेश्वर ठरवलं म्हटल्यावर हॉटेलचं काम कोणाच्या गळ्यात पडणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

"फार काही नको रे," आत्या म्हणाली. "अहिल्याबाईंच्या राजवाड्यातल्या म्युझियमपासून चालत पाच मिनिटं, एखादं मध्यम हॉटेल. तुला काय, सगळं माहितीच असेल."

मला काहीही माहिती नव्हतं. कारण इंदूरचा माणूस महेश्वरला मुक्काम करतच नाही. सकाळी पोहे-जिलबी हाणायची, महूवरून जामघाट उतरायचा, अहिल्याबाईंनी बांधलेल्या जाम दरवाजापाशी फोटो काढायचे, घाटावर डुबकी, मग होडी. पुढे बायकांचे दोन तास साड्यांच्या दुकानात आणि पुरुषांचे तेच दोन तास दुकानाच्या पायरीवर. रात्री जेवायला परत इंदूरच्या सराफ्यात, रात्रीच्या खाऊबाजारात. जेमतेम ९० किलोमीटर, मुक्काम कशाला? मी लहानपणापासून महेश्वरला जात आलोय, पण तिथली उशी मऊ असते की कडक, याचा अनुभव इंदूरच्या रामबागेत आमच्या अख्ख्या गल्लीत कोणाला नाही.

त्यात 'मध्यम' म्हणजे किती, यावर मंडळींचं एकमत असेल तर शपथ. आत्याचं मध्यम बाराशे रुपयांना संपतं. तिने नर्मदा परिक्रमा केली आहे, त्यामुळे तिच्याशी हॉटेलबद्दल बोलणं फार अवघड. "परिक्रमेत मी आश्रमात सतरंजीवर झोपले हो. गादी स्वच्छ असली की झालं." एवढं बोलून तिने श्वास घेतला आणि यादी सांगितली: कमोड वेस्टर्न हवा, पाणी गरम हवं, खोली तळमजल्यावर हवी, पण रस्त्याचा आवाज नको.

जिजाजी, म्हणजे आत्याचे जावई, बँकेतून रिटायर झालेले. त्यांनी मध्यमाची व्याख्या थेट जीएसटीवरून काढली. दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीला ५ टक्के, त्याच्या वर १८. "म्हणजे बघा, साडेसात हजारांपर्यंत सरकारच आपल्याला मध्यम मानतंय." मात्र पैसे निघणार होते आत्याच्या पेन्शनमधून, त्यामुळे सरकारचं मत विचारात घेतलं गेलं नाही. जिजाजींची आणखी एक माफक अपेक्षा होती, 'संध्याकाळची सोय'. तो प्रश्न मध्य प्रदेश शासनाने १ एप्रिल २०२५ पासूनच निकालात काढलेला आहे. १९ धार्मिक ठिकाणी दारूबंदी, त्यात महेश्वरही आहे आणि शेजारचं मंडलेश्वरही. जिजाजी बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मग एक दिवस पुरे नाही का?"

वहिनीला खिडकीतून नर्मदा दिसायला हवी होती. तिने स्वतः शोधून एक लिंकही पाठवली. खोली सुरेख, खाली हिरवीगार दरी, धुकं, नाश्त्याला स्ट्रॉबेरी आणि क्रीम मोफत. निमाडात, जिथे उन्हाळ्यात कावळासुद्धा सावली सोडत नाही, तिथे स्ट्रॉबेरी? नीट पाहिलं तर महाबळेश्वर. 'ईश्वर तर आहेच ना शेवटी,' असं तिचं उत्तर.

भाचा अमेरिकेत जन्मलेला, पासपोर्ट तिकडचा. परदेशी पाहुणा उतरला की हॉटेलवाल्याला २४ तासांच्या आत सी फॉर्म भरावा लागतो. फॉर्म ऑनलाइन, पाच-दहा मिनिटांचं काम. पण तो शब्द फोनवर उच्चारला की पलीकडून आवाज यायचा, "भिया, वैसे तो सब कमरे फुल चल रहे हैं." आधीच्या वाक्यापर्यंत रिकाम्या असलेल्या खोल्या एका पासपोर्टने भरून जायच्या.

खरं सांगायचं तर अशा गावात दोन टोकं व्यवस्थित असतात, मधलंच काय ते विरळ. वरचं टोक खुद्द किल्ल्यात: होळकरांच्या वंशजांनी किल्ल्याच्या एका भागात हेरिटेज हॉटेल केलं आहे. म्युझियमला लागूनच. त्याचा भाव सांगितला तेव्हा आत्या म्हणाली, "अगं बाई, एवढ्यात तर साडी येते!" मी म्हटलं, "आत्या, साड्या येतात." खालचं टोक म्हणजे धर्मशाळा आणि आश्रम, परिक्रमावासींसाठी. गंमत बघा, काशीपासून रामेश्वरपर्यंत देशभर धर्मशाळा आणि घाट बांधणाऱ्या बाईचं हे गाव, आणि तिथे पाच माणसांच्या दोन रात्रींची सोय लावता लावता माझा रक्तदाब वाढला होता.

मग मी मोबाइलवर परीक्षणं वाचायला बसलो. हे व्यसन वाईट. एकाने पाच स्टार देऊन लिहिलं होतं, 'रुके नहीं, पर बाहर से अच्छी है.' दुसऱ्याने एक स्टार दिला होता, कारण बायकोशी भांडण झालं होतं. हॉटेलचा त्यात काही संबंध नव्हता, हेही त्याने प्रामाणिकपणे नमूद केलं होतं. तिसरा म्हणे, 'मैनेजर अपना दोस्त है, बोलना मैंने भेजा है.' नाव लिहायला विसरला. फोटोंचं तर विचारूच नका. प्रत्येक खोली कोपऱ्यात चढून काढलेली, त्यामुळे पलंगाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला रिक्षा करावी लागेल असं वाटतं.

आणि अंतरं! एक हॉटेल 'म्युझियमपासून ८०० मीटर' म्हणून वर आलं. भाव वाजवी, खोल्या हवेशीर. नकाशा मोठा करून पाहिला तर हॉटेल आणि म्युझियम यांच्यामध्ये अख्खी नर्मदा. कावळ्याला ८०० मीटर. माणसाने होडी करावी, नाहीतर मंडलेश्वरच्या पुलावरून वळसा घालावा. ते जिजाजींना सांगितलं तर ते उलट खूश झाले. पलीकडे नावडातोडी आहे, तिथे डेक्कन कॉलेजच्या डॉ. सांकलियांनी १९५०च्या दशकात उत्खनन केलं, साडेतीन हजार वर्षांपूर्वीची वस्ती सापडली, रंगवलेली मडकी सापडली. "तिथे लोक राहत होते म्हणजे राहण्याजोगी जागा असणार," असा त्यांचा युक्तिवाद. मी म्हटलं, त्या वेळी चेक-आउट बाराला नसे.

शेवटी बायको म्हणाली, "अहो, एकदा जाऊन बघून का येत नाही? फोनवर काय लग्न ठरवताय?" तेव्हा गेलो.

बाजारातलं, किल्ल्याच्या चढाआधीचं एक हॉटेल. खाली किराण्याचं दुकान, बाजूला सुकलेल्या लाल मिरच्यांची पोती, त्यामुळे रिसेप्शनवर पहिलं संभाषण दोन्हीकडून शिंकांचं झालं. मॅनेजर लाघवी. खोल्या तीन प्रकारच्या: डिलक्स, सुपर डिलक्स आणि एक्झिक्युटिव्ह. साधी खोली नाहीच. साधेपणा महेश्वरात फक्त राजवाड्यात उरला आहे. डिलक्समध्ये पंखा, सुपर डिलक्समध्ये एसी, आणि एक्झिक्युटिव्हमध्ये एक सोफा, ज्याच्यामुळे बाथरूमचं दार अर्धंच उघडतं. आत्याला तिरकं जावं लागेल असं मनात आलं, पण आत्या तिरकी मावेल का, हे मोजायचं कसं?

पलंगाशेजारच्या बोर्डावर बटणांच्या दोन ओळी होत्या. मॅनेजरने दिवा लावायला पहिलं दाबलं, काही नाही. दुसऱ्याने बाहेरच्या पॅसेजमधला दिवा लागला. तिसऱ्याने पंखा सुरू झाला, चौथ्याने बंद. मग त्याने हार्मोनियमवर हात फिरवावा तसा सगळ्या ओळीवर हात फिरवला, तेव्हा दिवा, एसी, टीव्ही एकदम लागले आणि दारात एक पोरगा चहा घेऊन उभा राहिला. त्यातलं एक बटण घंटीचं होतं.

"गीझर?"

"चौबीस घंटे, सर. सुबह छह से आठ."

"लिफ्ट?"

"लग रही है." जागा दाखवली. लिफ्टच्या खड्ड्यात बटाट्याची पोती नीट रचून ठेवलेली होती. त्यांच्या थाटावरून ती इतक्यात हलणार नव्हती.

"और म्यूज़ियम?"

"ये रहा, सर," म्हणून त्याने खिडकी उघडून हात लांब केला. हाताच्या दिशेला मॅरेज गार्डन होतं, त्याच्या मंडपाला झालर लावणं चालू होतं. मी घाबरून आमच्या तारखा सांगितल्या आणि विचारलं, त्या दिवशी लग्न तर नाही ना?

"है ना सर!" त्याचा चेहरा उजळला. "आप भी आ जाना."

खोल्या पक्क्या केल्या. सुपर डिलक्स, कारण सोफा नको होता. सी फॉर्म त्याच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने भरून द्यायचं कबूल केलं, आणि दिलाही.

मंडळी आली. पहिल्या रात्री डीजे साडेअकरापर्यंत वाजला. दुसऱ्या रात्री आत्या स्वतःच जरीकाठाची साडी नेसून मांडवात गेली, सगळ्यांना घेऊन. वरमाईशी तिची ओळख झाली, दाल-बाफले झाले, आणि भाच्याने वरातीत जे काही केलं त्याला नाच म्हणायचं असं ठरलं. म्युझियम दुसऱ्या दिवशी सकाळी. लाकडी खांबांचा, बैठा, चौकाचा वाडा. राजवाडा शोधत लोक पुढे जातात आणि परत फिरून येतात. आत अहिल्याबाईंची गादी, पालखी, शस्त्रं. शेजारी मातीची लहान लहान शिवलिंगं करण्याची पूजा अजून रोज होते. १७६७ पासून १७९५ पर्यंत इथून राज्य चाललं.

आत्या गादीसमोर हात जोडून उभी राहिली. पांढरी गादी, पांढरा लोड. मग हळूच माझ्याकडे वळून म्हणाली, "बघ. एवढ्या मोठ्या राज्याची मालकीण. आणि तू आम्हाला एसी घेऊन दिलास!"

जिजाजींनी परत जाताना गाडीतच हॉटेलचं परीक्षण लिहिलं. चार स्टार. खोली स्वच्छ, वागणूक उत्तम, जवळच्या लग्नात जेवण अप्रतिम. एक स्टार कापला, कारण म्युझियम चालत पाच मिनिटं सांगितलं होतं, चढामुळे अकरा लागली. धामणोद येईपर्यंत मालकाचं उत्तर आलेलं होतं:

'धन्यवाद सर. अगली बार और पास कर देंगे.'