तीनशे कोटींची गाडी

मंगळवारी पहाटे माझे तीनशे कोटी कण मेले. संगणकावर प्लाझ्माची, म्हणजे इलेक्ट्रॉन सुटे झालेल्या वायूची, नक्कल चालवत होतो. नऊ दिवस रांगेत काढून महासंगणकावर 48 तास मिळाले होते. 47 तास 52 मिनिटांनी चेकपॉइंट (पुढे तिथूनच सुरू करता यावं म्हणून केलेली नोंद) लिहायला घेतला. दीडशे जीबी उतरायच्या आत वेळ संपली आणि जॉब कापला. त्यात नवी फाइल जुन्याच नावावर. म्हणजे नवी अर्धी, जुनी साफ. (नाव मीच दिलं होतं. हे मदतकक्षाने आधीच सुनावलंय, तुम्ही नका सुनावू.)

जिन्यात खालचे काका भेटले. एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त. रांगेचा विषय निघाला की त्यांच्या अंगात येतं.

"तीनशे कोटी इलेक्ट्रॉन? खरे?"

"नाही काका. खरे कुठे मावायला! एक खोटा कण लाखो खऱ्यांच्या वतीने पळतो."

"म्हणजे नगरसेवक."

मी हो म्हणालो. तिथेच सटकायला हवं होतं.

"आणि एकमेकांना ढकलतात?"

"थेट नाही. सगळ्यांचा विद्युतभार जाळीवर मांडायचा, तिथे क्षेत्र काढायचं, मग ते क्षेत्र कणांना ढकलतं. ढकलायची रीत बोरिस नावाच्या शास्त्रज्ञाची, 1970 ची."

"आमच्या काही गाड्याही तेव्हाच्याच होत्या. जाळीचं भोक केवढं?"

"डिबाय लांबीच्या आसपास. म्हणजे प्लाझ्मात एका भाराचा प्रभाव जिथवर पोचतो तेवढं. फार मोठं ठेवलं तर प्लाझ्मा आपोआप तापतो. खोटा ताप."

"शाळा बुडवायला?"

मी हसलो नाही. "प्रोटॉन इलेक्ट्रॉनच्या 1836 पट जड असतो, पण आम्ही 100 पटच धरतो. नाहीतर जन्म जाईल."

काका कठड्याला टेकले. चष्मा पुसला.

"मापात पाप."

झोंबलं. शोधनिबंधात याच पापाला आम्ही एका ओळीत 'वस्तुमानाचं गुणोत्तर कमी घेतले आहे' म्हणतो आणि पुढे सरकतो. तिकडे 2022 साली वॉर्पएक्स या प्रोग्रॅमवाल्यांनी फ्रंटियरसारख्या महासंगणकांवर असेच कण पळवून महासंगणनातलं मानाचं गॉर्डन बेल पारितोषिक नेलं. इकडे मला 16 नोड (महासंगणकातले सुटे संगणक), तेही नवव्या दिवशी. आणि माझ्या पुढचा गृहस्थ 16 नोड अडवून त्यातल्या एकाच्या एकाच कोअरवर (प्रोसेसरच्या एका गाभ्यावर) काम करत होता! बाकीचे 15 नोड वीज खात नुसते बसलेले. त्याला विचारणारं कोणी नाही. मला वरची काही मिनिटं देणं मात्र नियमात बसत नाही.

"ओळख नाही का तिथे कोणाची?" काकांनी विचारलं.

नाही. पुन्हा रांगेत लागलोय, क्रमांक 214. आता रोज सकाळी खालून हाक येते, अख्ख्या सोसायटीला ऐकू जाईल अशी:

"काय रे, लागली का गाडी फलाटाला?"