चित्र पाकिटावर, सिगारेट सुटी

सकाळपासून माझं डोकं तापलंय आणि ते शांत करायची माझी अजिबात इच्छा नाही.

आमचं झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान एका हायर सेकंडरीच्या समोर आहे. फोंडा तालुक्यात, एवढं पुरे. जून लागला की तंबाखूविरोधी पोस्टरांची झुंबड उडते. जागतिक तंबाखूविरोधी दिन ३१ मेचा. त्या दिवशी आमच्याकडे शाळांना सुट्टी असते, म्हणून शाळा उघडल्यावर स्पर्धा घेऊन तो उरकायचा. एक कवटी, एक जळती सिगारेट, खाली 'से नो टू टोबॅको', पहिलं बक्षीस कंपासपेटी. ठीक आहे, तेही एक वेळ चालवून घेऊ.

आज अकरावीतला एक मुलगा पावसात भिजत, दप्तर पोटाशी धरून आला. "काकी, सिगारेटीच्या पाकिटार तो फोटो आसता न्ही, तो कलर काडून दी." मी विचारलं, कुठला फोटो? तो बदलत असतो. तर म्हणतो, "खबर ना. हांवें पाकीट केन्नाच पळोवंक ना." मागे उभा असलेला त्याचा मित्र फिसकन हसला. "ताका पाकीट खंय मेळटलें काकी, तो सुटी घेता!"

हा मुलगा सिगारेट ओढतो. कुठल्या ब्रँडची एक केवढ्याला मिळते, कुठली कडक, कुठली पुदिन्याच्या चवीची, हे त्याला तोंडपाठ आहे. पण सरकारने ज्याच्यासाठी पाकिटाचा ८५ टक्के भाग राखून ठेवला, ते चित्र त्याने उभ्या आयुष्यात बघितलेलं नाही! पोस्टर काढायला सांगितलं म्हणून त्याला कळलं की असं काही चित्र असतं.

मी दुकान तसंच उघडं टाकलं आणि छत्री घेऊन गाड्यावर गेले. शाळेच्या कुंपणापासून तो गाडा एवढा जवळ आहे की वर्गातून कुणी खोकलं तरी तिथे ऐकू येईल. निळी ताडपत्री, वेफर्सच्या माळा, गोळ्यांच्या बरण्या आणि खांबाला दोरीने बांधलेला लायटर. सिगारेटी कुठे आहेत? बिस्किटांच्या जुन्या प्लास्टिकच्या बरणीत. पाकिटं फोडून काड्या बरणीत उभ्या करून ठेवल्यात आणि पाकिटं गेली कचऱ्यात. चित्रासकट, सूचनेसकट, व्यसन सोडायला मदत करणाऱ्या त्या फोन नंबरासकट. बरणीच्या शेजारीच लिमलेटच्या गोळ्यांची बरणी, एकाच उंचीवर, एकाच हाताच्या अंतरावर.

मी गाडेवाल्याला म्हटलं, मुलं घेतात हिथून. मान वर न करता तो म्हणाला, "बोर्ड लायला मगे, बाय."

बोर्ड होता. अठरा वर्षांखालील व्यक्तीला तंबाखू विकणं हा दंडनीय गुन्हा आहे, असं सांगणारा. नियमाने तो किमान साठ सेंटिमीटर बाय तीस सेंटिमीटर लागतो, त्यावर दुष्परिणामांचं चित्र लागतं. या बोर्डासमोर वेफर्सच्या तीन माळा सोडलेल्या. माळा बाजूला केल्या तेव्हा 'अठरा' दिसलं. त्याच वेळी माझ्या डोळ्यांदेखत गणवेशातला एक मुलगा आला, त्याने वीसची नोट टाकली, काडी घेतली, दोरीचा लायटर ओढला आणि ताडपत्रीच्या मागे गेला. वय विचारणं राहिलं बाजूला, गाडेवाल्याने त्याच्या तोंडाकडेसुद्धा बघितलं नाही. मी म्हटलं, हे काय? तर म्हणतो, "ताच्या बापायक व्हरता तो." बापासाठी नेतो म्हणे! बाप ताडपत्रीच्या मागे बसलाय का?

आता कुणीतरी लगेच म्हणणार, हे सगळे भायले, बाहेरून येऊन आमची पोरं बिघडवतात. गोव्यात कुठलीही गोष्ट बिघडली की हे वाक्य तयारच असतं आणि मला त्याचा मनस्वी तिटकारा आहे. हा गाडेवाला आमच्याच वाड्यावरचा आहे. चतुर्थीला त्याच्या घरी गणपतीवर फळा-पानांची माटोळी बांधतात, जत्रेला तो पालखीला खांदा देतो. त्याचा स्वतःचा मुलगा याच शाळेत दहावीला आहे. त्या मुलाला तो बरणीला हात लावू देतो का, हे मी विचारलं. तेव्हा मात्र त्याने मान वर केली आणि गिऱ्हाईक आहे म्हणून मला बाजूला व्हायला सांगितलं.

मला राग चित्राचा नाही. ते चित्र मिळवायला किती भांडावं लागलंय! २००३ मध्ये तंबाखू नियंत्रणाचा कायदा झाला. पहिली चित्रं पाकिटावर यायला ३१ मे २००९ उजाडला. आणि चित्रं तरी कसली? तंबाखूच्या पुडीवर विंचू! तंबाखू खाल्ली तर विंचू चावतो का? फक्त दर्शनी बाजूच्या ४० टक्के जागेत तो विंचू बसला होता. १ एप्रिल २०१६ पासून दोन्ही बाजू ८५ टक्के झाल्या. २०१७च्या डिसेंबरात कर्नाटक उच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला, आणि जानेवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली म्हणून मोठं चित्र टिकलं. १ सप्टेंबर २०१८ पासून १८००-११-२३५६ हा नंबर पाकिटावर आला. एवढी वर्षं, एवढे वकील, एवढे डॉक्टर! आणि शेवटी काय, तर गाडेवाला बोटाने पाकीट फाडतो आणि सगळं कचऱ्यात जातं.

पंधरा-सोळा वर्षांचं पोर अख्खं पाकीट घेत नाही, घेऊच शकत नाही. खिशात तेवढे पैसे नसतात, आणि असले तरी पाकीट ठेवणार कुठे? घरी आई खिसे तपासते. तो एकच घेतो, तिथेच ओढतो, वर बडीशेप चघळतो आणि बसमध्ये बसतो. म्हणजे ज्यांनी ते चित्र बघावं म्हणून हा सगळा खटाटोप, नेमके तेच ते बघत नाहीत. बघतो कोण? वीस वर्षं ओढणारा माणूस, जो पाकीट उलटं करून खिशात टाकायला शिकलाय.

शेजारच्या महाराष्ट्राने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेटी आणि बिड्या विकायला बंदी घातली. सुटी घेणाऱ्याला पाकिटावरची सूचना दिसतच नाही, हेच त्यामागचं कारण होतं. पत्रादेवीचा नाका ओलांडला की तिकडे सरकारला निदान कागदावर हे सुचलेलं आहे. कॅनडाने तर २०२३ मध्ये नियम केला की सूचना एकेका सिगारेटीवर छापायची, फिल्टरच्या कागदावरच. सिगारेट बरणीत ठेवा, खिशात ठेवा, कानावर खोचा, शब्द तुमच्या ओठांपर्यंत येणारच. फिल्टरवर कंपनीचं सोनेरी नाव छापता येतं ना? मग तिथे दोन ओळी छापायला कुणाचं काय जातं?

आणि छापायचं काय, यावरही माझं भांडण आहे. तंबाखूमुळे वेदनादायी मृत्यू होतो, हे खरं आहे. कुजलेला जबडा दाखवता, तोही खरा आहे, बांबोळीच्या सरकारी इस्पितळात वॉर्डात जाऊन बघा. पण सोळा वर्षांच्या मुलाला मृत्यू दिसत नाही. साठीतल्या माणसाचा रोग त्याला आपला वाटत नाही. त्याला सांगा की संध्याकाळी मैदानावर तुझा दम आधी जाणार. तोंडाला वास येणार, बोटं पिवळी पडणार. त्याला सांगा की तुझा मेंदू पंचविशीपर्यंत घडत असतो आणि या वयात निकोटिन त्याला फार लवकर अडकवतं; सोडेन म्हटलं की सुटेल असं तुला वाटतंय, पण सुटत नाही. फुटबॉलवर जीव टाकणारी ही मुलं आहेत. त्यांच्यासाठी एक चित्र फुटबॉलच्या मैदानावरचं का नाही काढत कुणी? सगळी चित्रं दिल्लीत ठरतात आणि सगळी म्हाताऱ्या माणसांची.

मी गप्प बसले नाही. गाड्यावरून थेट शाळेत गेले. उत्तर मिळालं, गेटाबाहेर काय चालतं त्यावर आमचं नियंत्रण नाही. अहो, शैक्षणिक संस्थेपासून शंभर यार्डांत तंबाखू विकायची नाही हा कायदा आहे. शंभर यार्ड म्हणजे ९१ मीटर, आणि ते मोजायचे कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून, सरळ रेषेत, चारही बाजूंना. वळसा घालून रस्त्याने नव्हे. तसा फलक तुमच्याच गेटावर लावलाय, पांढरा स्वच्छ, कुणीतरी प्रायोजित केलेला! त्याच्या खाली उभं राहिलं की समोर ती बरणी दिसते.

मग एका कार्यालयात गेले. तिथे म्हणाले, हे आरोग्याचं काम. आरोग्याचं काम बघतात तिथे म्हणाले, गाड्याचा परवाना कुणी दिला त्यांना विचारा. परवान्याच्या टेबलावरचा माणूस जेवायला गेला होता. साडेतीनला जेवण! शेवटी कुणीतरी म्हणालं, लेखी द्या. मी तिथेच उभ्या उभ्या लिहिलं. तर म्हणतात, पोच मिळणार नाही, साहेब रजेवर आहेत.

दंड किती, माहीत आहे? अल्पवयीन मुलाला तंबाखू विकली तर २००३च्या कायद्याने २०० रुपयांपर्यंत. दहा-बारा काड्या विकल्या की वसूल. पण बाल न्याय कायदा २०१५चा आहे, त्याचं कलम ७७ वाचा. मुलाला तंबाखूजन्य पदार्थ दिला तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. हे कलम मी त्या टेबलावर सांगितलं तेव्हा समोरच्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी घरून रचून आणलंय.

आणि कृपा करून मला ती आकडेवारी ऐकवू नका. गोव्यात तंबाखूचं प्रमाण कमी, फक्त ९.७ टक्के, म्हणून छाती फुगवायची. तो आकडा २०१६-१७च्या पाहणीचा आणि पंधरा वर्षांवरच्या लोकांचा. २०१९ मध्ये देशभर शाळांमध्ये पाहणी झाली, तेव्हा तेरा ते पंधरा वर्षांची ८.५ टक्के मुलं तंबाखू वापरताना आढळली. तेरा वर्षांची! सातवी-आठवीतली पोरं ही. आपण चांगले आहोत म्हणत बसलो की बरणी भरलेलीच राहणार.

गोव्याने १९९७ मध्येच धूम्रपान आणि थुंकण्याविरुद्ध कायदा केला, देशाच्या आधी. गुटख्यावर बंदी २००५ मध्ये, देशाच्या आधी. मग कदंब बसच्या खिडकीखालचे ते लाल ओघळ कसले आहेत? पावसानेसुद्धा जात नाहीत. खिडकीत हात ठेवून बसायची सोय नाही, पुढच्या सीटवरचा कधी मान बाहेर काढील सांगता येत नाही. गुटखा बंद झाला आणि दोन पुड्या आल्या, एकीत पान मसाला, दुसरीत तंबाखू, घेणाऱ्याने हातावर एकत्र करायच्या. आणि त्या मसाल्याचं नाव घेऊन वेलचीच्या जाहिराती! करोडो रुपये घेणारे नट सूट घालून वेलची खातात. सिनेमात त्यांनी सिगारेट पेटवली की खाली पट्टी येते, आरोग्यास हानिकारक. मध्यंतरात तोच माणूस वेलची घेऊन येतो, तिथे पट्टी नाही.

किनाऱ्याकडे तर बोलायलाच नको. चोरून आलेल्या परदेशी पाकिटांवर चित्रच नसतं, म्हणून पोरांना ती जास्त भारी वाटतात. आणि ई-सिगारेट! २०१९ पासून देशात तिच्या विक्रीवर बंदी आहे. तरी परवा एका मुलीने दुकानात पेन काढायला कंपासपेटी उघडली आणि त्यात हायलाइटरसारखं काहीतरी होतं. मला वाटलं हायलाइटरच, म्हणून विचारलं कुठल्या कंपनीचा. तिने पटकन पेटी मिटली. आंब्याचा वास मात्र दुकानभर राहिला. त्यावर कसली सूचना आणि कसलं चित्र? गुलाबी रंग आणि फळांची नावं.

त्या मुलाला मी फोटो छापून दिला. सध्याचा, मोठ्या आकारात, पैसे घेतले नाहीत. तो बराच वेळ बघत राहिला. मग विचारलं, "काकी, हें खरें?" मी म्हटलं, खरं आहे. त्याला खालचा नंबरही दाखवला आणि सांगितलं, पोस्टरवर हा मोठा लिही, फोन फुकट असतो, आणि तुला स्वतःला करावासा वाटला तर दुकानातल्या फोनवरून कर, मी बाहेर जाऊन उभी राहीन. त्याने नंबर वहीच्या मागे लिहून घेतला.

मला हवंय ते एवढंच: सुटी सिगारेट विकणं गोव्यात बंद करा आणि मग ते खरंच बंद आहे की नाही हे बघायला माणूस पाठवा. गाड्यावर पाकीट चित्रासकट दिसलं पाहिजे, बरणी नाही. बोर्डासमोर वेफर्स नाहीत. आणि दंडाच्या पावतीवर कलम ७७ येऊ द्या एकदा तरी, एका तरी गाड्यावर.

सोमवारी मी पुन्हा त्या कार्यालयात जाणार आहे. अर्ज टाइप केलाय, तीन प्रती काढल्यात, शंभर यार्डांचं आणि ७७, दोन्ही कलमं ठळक केलीत, कुंपणापासून गाड्यापर्यंत टेप लावून मोजलंय आणि टेपसकट फोटो जोडलाय. साहेब रजेवर असतील तर जो खुर्चीत असेल त्याने सही करावी. ज्या आयांची मुलं या शाळेत आहेत त्यांनी सोबत यावं, दुकान नऊला उघडतं, तिथूनच निघू.