टाळ्या मैदानावर, सातबारा कुणाच्या नावावर?

आदिवासी मुलांना जमिनीच्या वादात अडकवण्यापेक्षा क्रीडा प्रबोधिनीत पाठवावे, ऑस्ट्रेलियाने आपल्या मूलनिवासींना खेळातूनच पुढे आणले, असे मत महाराष्ट्रातील वनहक्कांच्या चर्चेत अधूनमधून ऐकू येते. व्हिक्टोरिया राज्यातील शेपार्टन या फळबागांच्या शहरात राहणाऱ्या मला ते अर्धवट वाटते.

मैदानावरचे चित्र देखणे आहे, हे मान्य. लंबगोल चेंडूच्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये, ज्याला इथे सगळे ‘फुटी’ म्हणतात, मूलनिवासी खेळाडूंचे प्रमाण लोकसंख्येतील त्यांच्या वाट्याहून बरेच अधिक आहे, आणि दर हंगामात सर डग निकल्स यांच्या नावाने खास सामने होतात. मरे नदीकाठच्या कमेरागंजा या मूलनिवासींसाठीच्या सरकारी वसाहतीत 1906 मध्ये जन्मलेले निकल्स फिट्झरॉय संघाकडून खेळले, पाद्री झाले आणि 1976 मध्ये साउथ ऑस्ट्रेलियाचे राज्यपालही झाले.

त्याच वसाहतीच्या शेतीची गोष्ट मात्र सामन्यांच्या दिवशी फारशी निघत नाही. 1881 मध्ये जवळच्या मलोगा येथील 42 मूलनिवासींनी, आमची भूमी गोऱ्यांनी घेतली आहे, निदान कसण्यापुरती जमीन द्या, असा अर्ज सरकारकडे केला. पुढे कमेरागंजात काही कुटुंबांना शेतीचे तुकडे मिळाले, त्यांनी ते कसले, आणि सरकारी मंडळाने ते परत घेतले. उपेक्षा आणि व्यवस्थापकाची दंडेली असह्य होऊन 1939 मध्ये मोठ्या संख्येने लोक वसाहत सोडून नदीपलीकडे व्हिक्टोरियात आले. त्यांतले अनेक शेपार्टनजवळच्या पूरक्षेत्रात झोपड्या बांधून राहिले आणि दुसऱ्यांच्या बागांत फळे तोडू लागले. यावर कडी म्हणजे, इथल्या यॉर्टा यॉर्टा या मूलनिवासी समाजाने या भूमीवर हक्क सांगितला तेव्हा 1998 मध्ये न्यायालयाने दावा फेटाळताना तोच 1881 चा अर्ज पुरावा मानला: शेती मागितली, म्हणजे परंपरा सुटली, आणि तिच्याबरोबर हक्कही! 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयातही ते हरले.

खेळाने दिलेला मानही सशर्तच होता. फुटीतले मूलनिवासी खेळाडू ॲडम गुड्स 2014 चे ‘ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर’ होते. वंशद्वेषाविरुद्ध बोलल्यावर प्रेक्षक त्यांची सतत हुर्यो उडवू लागले आणि 2015 मध्ये ते निवृत्त झाले. फुटीच्या राष्ट्रीय लीगने माफी मागितली ती 2019 मध्ये.

म्हणून मला शेपार्टनचा रंबलारा क्लब अधिक महत्त्वाचा वाटतो. मूलनिवासींनी स्वतः चालवलेल्या या क्लबला स्थानिक लीगने बरीच वर्षे ताटकळत ठेवले आणि 1997 मध्ये प्रवेश दिला. तिथे फुटबॉल आणि नेटबॉलच्या जोडीने आरोग्याची, शिक्षणाची आणि रोजगाराची कामे चालतात, आणि कारभार समाजाच्याच हाती आहे.

आपल्याकडे प्रबोधिन्या जरूर काढाव्यात, पण वनहक्कांऐवजी नव्हे. 2006 च्या वनहक्क कायद्यानेही पुराव्यांचे ओझे कसणाऱ्याच्याच डोक्यावर ठेवले आहे. गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये सामूहिक हक्क मिळाला, तो ग्रामसभेच्या दीर्घ चिकाटीमुळे. मार्च 2018 मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत चालत आलेल्या शेतकऱ्यांत आदिवासी मोठ्या संख्येने होते, आणि मुंबईकरांनी त्यांना पाणी, खाऊ, चपला देऊन मनापासून कौतुक केले. वनजमिनीच्या पट्ट्यांसाठी 2023 मध्ये शेतकरी पुन्हा चालत निघाले.