६४०० डीपीआयच्या आकड्यावर स्कॅनर घेऊ नका

"जुन्या निगेटिव्ह घरीच स्कॅन करा. सर्वांत जास्त डीपीआयचा फ्लॅटबेड (सपाट काचेचा स्कॅनर) घ्या, कमाल आकड्यावर लावा, धूळ आणि ओरखडे सॉफ्टवेअर काढतं. नाहीतर साध्या स्कॅनरवर वरून मोबाइलचा टॉर्च धरा." हा मेसेज सगळीकडे फिरतोय. घरी स्कॅन करा, एवढं त्यातलं बरोबर आहे. बाकीच्यापायी लोकांचे पैसे आणि सुट्ट्या वाया जातात, म्हणून हे लिहितोय.

आधी डीपीआय, म्हणजे एका इंचात स्कॅनर किती ठिपके टिपतो तो आकडा. एप्सन व्ही६०० या फ्लॅटबेडवर ६४०० छापलेलं असतं; बारीक रेघांची चाचणी-पट्टी ठेवून मोजलं तर खरा तपशील मिळतो साधारण १५००-१६०० डीपीआयचा. महागड्या व्ही८५०चाही २३००च्या आसपास. सेन्सर तेवढे ठिपके मोजतो खरा, पण त्याच्यापुढची लेन्स तेवढं बारीक दाखवत नाही. म्हणजे ३५ मिमीची (नेहमीच्या छोट्या रोलची) एक फ्रेम ६४००वर घेतली की साडेपाच कोटी पिक्सेल, ४८ बिट रंगांत ३०० एमबीहून मोठी फाइल, आणि तपशील २४००वर होता तेवढाच. छत्तीसच्या रोलला ११ जीबी भरतात ते निव्वळ फुगवलेले.

पण घरात अगफा क्लिक थ्री या जुन्या कॅमेऱ्याच्या निगेटिव्ह असतील तर फ्लॅटबेड जरूर घ्या. त्यात १२०चा रुंद रोल, ६ बाय ६ सेंमीची फ्रेम. १६०० डीपीआयलाही सव्वा कोटी पिक्सेल निघतात, भिंतीवर लावण्याजोगे. सगळं ३५ मिमीच असेल, तर फिल्मचा वेगळा स्कॅनर किंवा कॅमेऱ्याला मॅक्रो (अगदी जवळून टिपणारी) लेन्स लावून काढलेले फोटो सरस ठरतात.

टॉर्चचं थोडक्यात: निगेटिव्हमधून उजेड आरपार आणि सगळीकडे सारखा जावा लागतो. त्यासाठी झाकणातच दिवा असलेला स्कॅनर हवा. टॉर्चने मध्ये पांढरा डाग आणि कडेला अंधार मिळतो.

सर्वांत घातक सल्ला धुळीचा. स्कॅनरमधली धूळ काढायची सोय, डिजिटल आइस, इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणाऱ्या) किरणांनी धूळ ओळखते. रंगीत फिल्मच्या रंगांतून हे किरण पार जातात, धुळीवर अडतात. कृष्णधवल फिल्ममध्ये मात्र चित्रच चांदीचं असतं आणि चांदीही किरण अडवते. मग चित्रालाच धूळ समजून ते पुसलं जातं. कोडाक्रोम या जुन्या फिल्मच्या स्लाइडवरही, ती रंगीत असूनही, आइस दगा देतं.

आईच्या लग्नाची निगेटिव्ह कृष्णधवल इंदू फिल्मवरची, उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सची. मी आइस चालू ठेवूनच स्कॅन केली. मुंडावळ्यांचे मोती विरघळून कपाळावर पांढरट फराटा उरला होता. निगेटिव्हमध्ये मोत्यांच्या जागी चांदी सर्वांत दाट, म्हणून घाव तिथेच बसला. मूळ फिल्म शाबूत होती. आइस बंद केलं, हवेच्या छोट्या हातपंपाने धूळ उडवली, पुन्हा स्कॅन केली आणि उरलेले ठिपके दोन संध्याकाळी बसून एकेक काढले. मोती परत आले.