चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा बॅकअप

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून बुटाचं खोकं खाली येतं आणि त्यात बूट नसतात. पन्नासेक डीव्हीडी असतात. ‘हे टाकायचं ना?’ असा आवाज आला की ताबडतोब म्हणावं, ‘थांब, बॅकअप घ्यायचाय.’ एवढ्या एका वाक्यावर खोकं आणखी दहा-बारा वर्षं माळ्यावर राहतं. पण यंदा तुम्ही खरोखरच बॅकअप घ्यायचं मनावर घेतलं असेल, तर योग्य माणसाकडे आलात. मी २००५ ते २०११ या काळात साताऱ्यात बसून सिनेमांच्या सव्वातीनशे डीव्हीडी स्वहस्ते राइट केल्या आहेत. त्यातल्या चौदा पुन्हा लावल्या. पाच शेवटपर्यंत पाहिल्या.

आधी खर्चाचं बघू, कारण बॅकअप हा मुळात काटकसरीचा विषय. २००७ साली मोजर बेअरने सिनेमे विकायला काढले, व्हीसीडी २८ रुपये आणि डीव्हीडी ३४ रुपये. तोवर ही कंपनी आम्हाला कोऱ्या डिस्क बनवणारी म्हणून माहीत होती. म्हणजे एकाच दुकानात, एकाच कंपनीची भरलेली डिस्क ३४ला आणि कोरी मला पंधराला पडायची. कच्च्या मनाचा माणूस असता तर म्हणाला असता, खराब झाली तर दुसरी आणू. आपण तसं म्हणायचं नाही. आपण मुंबईला लॅमिंग्टन रोडवर जाऊन डीव्हीडी रायटर आणायचा, तो चालावा म्हणून रॅम वाढवायची, वीज जाते म्हणून यूपीएस घ्यायचा, पन्नास कोऱ्या डिस्कचा डबा घ्यायचा, त्या ठेवायला चेनची पिशवी घ्यायची, आणि मग निवांत मनाने ३४ रुपये वाचवायचे. (मोजर बेअर २०१८ साली दिवाळखोरीत निघाली. माझी खरेदी थांबल्याचा त्याच्याशी संबंध नसावा.)

आता सॉफ्टवेअर. इथे नवखे लोक हमखास चूक करतात आणि फुकटचं घेतात. डीव्हीडी श्रिंक नावाचं, सिनेमा आवळून कॉपीत बसवणारं एक चांगलं सॉफ्टवेअर होतं, फुकट होतं, त्याची शेवटची आवृत्ती २००४ची, आणि काम चोख करायचं. असल्या गोष्टींपासून लांब राहा. जे फुकट आहे आणि चालतं, त्यात कर्तबगारी ती काय? तुम्ही असं निवडा, ज्याच्या जाहिरातीत पुठ्ठ्याच्या डब्याचं चित्र असतं. सॉफ्टवेअर इंटरनेटवरून उतरवायचं असतं, डबा जगात कुठेही नसतो, पण चित्रात असतो आणि त्यावर सोनेरी शिक्का असतो. श्रिंकच फुकट उतरवून, त्याला नवा डबा काढून पैशाने विकणारेही होते. अशांकडून घेतलंत तर उत्तमच.

ट्रायल आवृत्तीने सुरुवात करा. तिच्यात सिनेमा उतरतो, फक्त पडद्याच्या मधोमध कंपनीचं नाव उमटतं. माझ्या एका कॉपीत नायिकेच्या प्रत्येक जवळून घेतलेल्या दृश्यात ते बरोबर कपाळावर येतं, सासरच्या आडनावासारखं. ते पुसायला पैसे भरावे लागतात. मी ‘आजीवन’ परवाना घेतला होता. कोणाचं आजीवन हे विचारायचं राहून गेलं. कंपनी चौदा महिन्यांत गेली, मी अजून आहे.

आणि डिस्क लिहायला निरो! निरो बर्निंग रॉम. रोम जळत असताना फिडल वाजवणाऱ्या बादशहाचं नाव सॉफ्टवेअरला देणारे जर्मन विनोदी असू शकतात, हे तेव्हाच कळलं. चिन्हात कलोसियम पेटलेलं दाखवायचे. आता कलोसियम निरो मेल्यावर बांधलं गेलं, पण बॅकअप घेणाऱ्याने इतिहासाचा कीस पाडू नये.

पुढची पायरी आवळण्याची. दुकानातली सिनेमाची डीव्हीडी बहुधा दोन थरांची, साडेआठ जीबीपर्यंतची. आपली कोरी डिस्क एका थराची, ४.७ जीबीची. ती कॉम्प्युटरला लावली की तो ४.३७ दाखवतो. घाबरू नका, चोरी झालेली नाही. डिस्कवाला हजाराने मोजतो, कॉम्प्युटर एक हजार चोवीसने. दूधवाल्याचं माप आणि घरचं पातेलं यांचं कधी जुळलंय? तर या ४.३७ मध्ये सात-आठ जीबीचा सिनेमा बसवायचा. एसटीत वऱ्हाड बसवतात तसाच. आधी मेनू उतरवायचा, मग दिग्दर्शकाची मुलाखत, मग तमिळ आणि तेलुगू ऑडिओ, मग गाळलेली दृश्यं. तरी दार लागत नसेल तर चित्र आवळायचं. साठ टक्क्यांपर्यंत आवळलेल्या सिनेमात माणसं बोलत बसली आहेत तोवर ठीक दिसतं. पाऊस आला, धूर आला किंवा मागे शंभर जण नाचायला लागले की पडद्यावर फरश्या बसवल्यासारखे चौकोन दिसतात. माझ्या खोक्यातल्या सगळ्या पावसाळी गाण्यांत बाथरूमच्या टाइल्स पडतात.

मूळ डिस्क उघडून आत डोकावण्याचा मोह होईल. डोकवा. दोन फोल्डर दिसतील. व्हिडिओ_टीएसमध्ये सगळा संसार, एक-एक जीबीच्या तुकड्यांत कापलेला. ऑडिओ_टीएसमध्ये काहीही नाही. तो रिकामाच असतो, पण काढायचा नाही. तो नसला तर काही जुने प्लेयर रुसतात. पूजेला बायको हजर नसली की गुरुजी यजमानाच्या कमरेला सुपारी लावतात, तसा तो फोल्डर. शिवाय आयएफओ नावाच्या फाइली दिसतील आणि प्रत्येकीची हुबेहूब कॉपी, बीयूपी नावाची. डीव्हीडी स्वतःचा बॅकअप स्वतः घेते, आणि ठेवते कुठे, तर त्याच डिस्कवर. तिजोरीची दुसरी किल्ली तिजोरीतच. वाटतं, हे ज्यांनी ठरवलं ते आमच्याच आळीतले असावेत.

कुलुपाबद्दल थोडं बोललं पाहिजे. विकतच्या डीव्हीडीला सीएसएस नावाचं कुलूप असतं, चाळीस बिटांचं. अवघ्या सिनेउद्योगाने मिळून लावलेलं हे कुलूप १९९९ साली नॉर्वेतल्या पंधरा वर्षांच्या मुलाने, यॉन योहानसेनने, आणखी दोघांच्या साथीने उघडलं. त्याच्यावर खटला झाला आणि २००३ साली तो दोनदा सुटला, एकदा खालच्या कोर्टात, एकदा अपिलात. स्वतः विकत घेतलेली डिस्क बघायला माणूस मोकळा आहे, असं तिथल्या न्यायाधीशांचं म्हणणं पडलं. अमेरिकेत नेमकं उलट झालं. तिथे डीव्हीडी एक्स कॉपी नावाचं सॉफ्टवेअर विकणारी कंपनी २००४ साली खटल्यांखाली गाडली गेली. आपल्याकडे कॉपीराइट कायद्यात २०१२ साली ६५अ कलम आलं. हक्कभंगाच्या इराद्याने कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. त्याच कायद्याच्या ५२व्या कलमात मात्र खासगी वापरासाठी रास्त व्यवहाराची मुभा आहे. तुमचा इरादा नेमका काय होता हे ज्याला नीट मांडता येईल असा वकील गाठा. त्याच्या पहिल्या भेटीच्या फीमध्ये ३४ रुपयांच्या किती डीव्हीडी बसल्या असत्या, हा हिशेब जिना उतरताना करावा.

अस्सल डिस्कचा मात्र मान ठेवा. पैसे मोजून आणलेली डीव्हीडी लावली की आधी ‘चोरी करू नका’ ही तंबी येते, आणि तेवढ्या वेळात रिमोटचं पुढे ढकलायचं बटण चालत नाही; डिस्कमध्येच तशी तजवीज असते. स्टँडवर मिळणाऱ्या चोरीच्या कॉपीत ती तंबी कापलेली असते, सिनेमा थेट सुरू. म्हणजे चोरी करू नका हे फक्त ज्याने केली नाही त्यालाच बसवून ऐकवायचं. शाळेत गैरहजर मुलांबद्दलची बोलणी हजर मुलं खात, त्यातला प्रकार.

न्यू जर्सीची आत्तेबहीण कौतुकाने डीव्हीडी आणते, तीही याच खोक्यात असेल. डीव्हीडीवाल्यांनी जगाचे विभाग पाडलेत. तिचा विभाग एक, आपला पाच. ती लावली की ड्राइव्ह विचारतो, विभाग बदलू का? हो म्हणावं. मग आपली देशी लावली की पुन्हा विचारतो. पुन्हा हो म्हणावं. असं पाचदा म्हणता येतं, पाचव्यांदा जो विभाग निवडाल तिथे ड्राइव्ह कायमचा नागरिक होतो. आमचा पहिला ड्राइव्ह अमेरिकन होऊन मेला. घरात ग्रीन कार्ड मिळालेला तो एकटाच.

आता प्रत्यक्ष जाळण्याची, म्हणजे इंग्रजीत डिस्क ‘बर्न’ करण्याची रात्र. याला मराठीत राइट करणं म्हणतात, काही जण कॉपी मारणं म्हणतात. जाळणं फक्त आमच्या घरी म्हणत, तेही मी खोलीबाहेर गेल्यावर. वेळ रात्री साडेदहानंतरची निवडा. डिस्कवर सोळा एक्स छापलेलं असलं तरी वेग चारच ठेवा, पंधरा मिनिटं लागतात, पण लेखन ठसठशीत होतं असा आमच्या पिढीचा विश्वास होता. एकदा सुरुवात केली की माऊसला हात लावायचा नाही. टेबलाला धक्का नको. शेजारच्या खोलीत मूल झोपल्यासारखं सगळ्यांनी चवड्यांवर चालायचं. ड्राइव्हमधून आधी सुस्कारा, मग विमान धावपट्टीवर आल्यासारखा आवाज येतो. हिरवी पट्टी सरकते. चाळीस टक्के. सत्तर. आईने बाहेरून विचारलं, ‘दूध फ्रिजमध्ये ठेवलंस का रे?’ उत्तर द्यायचं नाही. नव्वद. पंच्याण्णव. सत्त्याण्णव टक्क्यांना वीज जाते.

ती नेहमी सत्त्याण्णवलाच जाते. आमच्याकडे भारनियमनाचं वेळापत्रक पेपरात यायचं आणि मी ते पाहूनच बसायचो, पण वेळापत्रकाबाहेरची वीज जाण्याला वेळापत्रक नव्हतं. यूपीएस असे, तो दोनदा चिवचिवायचा आणि प्राण सोडायचा. अंधारात ड्राइव्हचा आवाज हळूहळू उतरत जातो, ते फार वाईट असतं. डिस्क बाहेर काढून मेणबत्तीपुढे धरा: आतून बाहेर गडद होत गेलेलं वर्तुळ दिसेल, आणि काठाशी नखभर रुंदीची फिकी कडा, राहिलेल्या तीन टक्क्यांची. ती पुसली जात नाही, पुन्हा भरता येत नाही. अशा माझ्या एकतीस झाल्या. गावी चुलत्यांनी त्या ज्वारीच्या शेतात दोरीला टांगल्या, पाखरं बिचकायला. माझ्या साऱ्या संग्रहात नियमित कामाला आलेल्या डिस्क त्याच.

डिस्क धडपणे तयार झालीच तर लगेच नाव लिहू नका. ‘नंतर लिहू’ म्हणून ठेवा. लिहायचंच झालं तर बॉलपेननं दाबून लिहा किंवा कागदी लेबल चिकटवा. लेबल किंचित जरी एका बाजूला गेलं तरी डिस्क फिरताना थडथड वाजते आणि कॉपी जिवंत आहे असं वाटतं. पुसायची असेल तेव्हा मधून काठाकडे सरळ पुसतात, गोल गोल कधीच नाही, हे मी घरात निदान शंभरदा सांगितलं. लिहिलेल्या डिस्कमधला रंग उन्हाला भितो, म्हणून आमच्याकडची चेनची पिशवी कायम टीव्हीवर, पश्चिमेच्या खिडकीत असे.

एक राहिलं. लग्नाची डीव्हीडी. तिचा बॅकअप अजिबात घेऊ नका. तिला कुलूप नाही, विभाग नाही, कायद्याची भानगड नाही, नॉर्वेचा मुलगा लागत नाही; ‘कॉपी’ म्हणायचं की झालं. अशा कामात काय मजा? आम्हीही घेतला नव्हता. फोटोग्राफरने दोन डिस्क दिल्या होत्या. पहिलीत सीमांतपूजनापासून अंतरपाटापर्यंत, दुसरीत सप्तपदीपासून पाठवणीपर्यंत. गेल्या दिवाळीत दुसऱ्या भागाचं कव्हर उघडलं, तर आत माझ्याच अक्षरात डिस्क: ‘ॲक्शन. नाव नंतर लिहू.’

बायको काही बोलली नाही, ते जास्त वाईट. तीन दिवस खोकी उपसली. शेवटी ती म्हणाली, ‘त्या जुन्या सीपीयूत बघितलंस?’ तो माळ्यावर कोपऱ्यात, वीज लावली तरी न उठणारा. ट्रे अडकलेला. ड्राइव्हच्या तोंडाशी टाचणीएवढं एक भोक असतं, ते यासाठीच. तिने बांगडीतली सेफ्टी पिन काढून सरळ केली आणि खुपसली. ट्रे पाव इंच पुढे आला. बोटाने ओढला तर आत दुसरा भाग, लग्नाच्या २०१३ सालच्या वाढदिवसापासून, अंधारात, धुळीशिवाय, ओरखड्याशिवाय. माझ्या कुठल्याही पिशवीत कुठलीही डिस्क इतकी नीट राहिलेली नाही.

तिने ती पदराने पुसली. गोल गोल. मी गप्प बसलो. यूएसबीच्या ड्राइव्हला लावली, चालू झाली. पंगतीत आजी ताटावर दोन्ही हात आडवे धरून ‘नको नको’ म्हणत होती आणि वाढपी बोटांच्या फटीतून जिलेबी सरकवत होता. मी जुनं श्रिंक उघडलं. त्याने मोजून सांगितलं: शंभर टक्के, आवळायची गरज नाही.

मग कोरी डिस्क शोधायला उठलो. खोक्यात, पिशवीत, डब्यात, सगळ्या भरलेल्या.