‘बॉण्डवर बिनधास्त सही करा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेले काही दिवस नाशिक जिल्ह्यातल्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. सिन्नरला तोच, मालेगावला तोच, फक्त खालचा मोबाइल नंबर बदलतो. मजकूर थोडक्यात असा: ट्रान्सपोर्ट कंपन्या स्वखर्चाने ट्रक शिकवतात, राहणं-जेवण सगळं फुकट, अठरा पूर्ण असले की महिन्याभरात हेवी म्हणजे जड वाहनाचं लायसन्स हातात, बॉण्ड (ठरलेल्या मुदतीआधी नोकरी सोडली तर शिकवल्याचा खर्च भरेन, असा करार) लिहून घेतात पण कोर्टात त्याला किंमत नाही, बिनधास्त सही करा, ट्रेनिंग सगळीकडे सारखंच, जी कंपनी आधी बोलावेल तिथे जा, आणि एकदा हेवी आलं की टँकरही चालवता येतो.

मी अंबडला ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बसतो, ड्रायव्हर भरतीचे कागद माझ्या टेबलावरून जातात. कंपनीच्या खर्चाने शिकायला माझा अजिबात विरोध नाही. मोटार ट्रेनिंग स्कूलची फी एकरकमी भरणं ज्या घराला जमत नाही, तिथल्या पोराला हा चांगला मार्ग आहे. पण कुठली कंपनी निवडायची हे या मेसेजवरून ठरवलं, तर पोरगा अडकलाच म्हणून समजा.

आधी ते अठरा वर्षांचं. ट्रान्सपोर्ट गाडीसाठी, म्हणजे धंद्यावर माल किंवा माणसं नेणाऱ्या गाडीसाठी, कायद्याने वय २० पूर्ण लागतं. शिवाय तिचं शिकाऊ लायसन्स काढायच्या आधी हलक्या वाहनाचं पक्कं लायसन्स किमान वर्षभर जुनं असावं लागतं. त्यानंतर शिकाऊवर किमान ३० दिवस. म्हणजे मेसेजमधला महिना खरा आहे, त्याच्या आधीचं वर्ष तेवढं लिहिणाऱ्याने खाल्लं. पेठ रोडच्या आरटीओत ‘आपली ओळख आहे’ म्हणणारा कुणी भेटला, तरी हे वर्ष तो कमी करू शकत नाही. ते वर्ष रिकामं बसून काढायचीही गरज नाही. ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाची मालवाहू गाडी हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला आहे. वीस पूर्ण असतील तर कांद्याच्या नाहीतर द्राक्षाच्या पिकअपवर हात बसवा, चार पैसेही मिळतील. आणि आठवी पासची सरकारी अट २०१९ मध्येच निघाली. एखादी कंपनी दहावी मागते, तो तिचा नियम.

आता बॉण्ड. या मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हेच आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेच्या प्रकरणात ३ वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास २ लाख भरण्याची अट वैध ठरवली. बँकेची गोष्ट वेगळी, ट्रकची वेगळी, हे मान्य. पण ‘किंमत नाही’ हे विसरा. उलट टोकाची भीतीही खरी नाही. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे कोर्ट वाजवी भरपाई देतं. कागदावर लिहिलेला आकडा ही फार तर वरची मर्यादा. तेवढी रक्कम आपोआप मिळत नसते.

म्हणून बॉण्डमध्ये काय बघायचं ते सांगतो. समजा खर्च ६० हजार लिहिलाय आणि मुदत २४ महिने. चांगल्या कागदात ही रक्कम दर महिन्याला उतरत जाते. वर्षभर गाडी चालवली की देणं निम्म्यावर आलेलं असतं. वाईट कागदात तेविसाव्या महिन्यातही ६० हजार, वर व्याज. दुसरं, कंपनीनेच काढून टाकलं किंवा काम नाही म्हणून घरी बसवलं तर पैसे कुणी द्यायचे, हे लिहिलेलं आहे का? बहुतेक कागद तिथे गप्प असतात, आणि भांडणं नेमकी तिथेच होतात. तिसरं, सही केलेला कोरा चेक. बॉण्डचा दावा वर्षानुवर्षं चालेल, पण चेक बाउन्स झाला तर चेकच्या कायद्यातल्या कलम १३८ खाली फौजदारी खटला लागतो. बॉण्ड द्या, कोरा चेक देऊ नका. मूळ लायसन्सही ठेवून घेऊ देऊ नका, झेरॉक्स द्या. मूळ कागद साहेबाच्या कपाटात असला की नोकरी सोडायची वेळ येते तेव्हा पाय अडकतो.

‘ट्रेनिंग सगळीकडे सारखंच’ हे लिहिणारा कधी भरलेली गाडी घेऊन कसारा घाट उतरलेला दिसत नाही. मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रात हेवीचा कोर्स ६ आठवड्यांत ३८ तासांचा असतो, थिअरी आणि प्रॅक्टिकल मिळून. केंद्रात सिम्युलेटर (गाडी चालवायचा सराव देणारं यंत्र) आणि ट्रॅक असावाच लागतो, आणि तिथे पास झालात तर आरटीओची ड्रायव्हिंग टेस्ट माफ. म्हणून पहिला प्रश्न: कंपनी शिकवायला कुठे पाठवते? अशा केंद्रात, परवाना असलेल्या साध्या स्कूलमध्ये, की स्वतःच्या यार्डात? स्कूलच्या प्रमाणपत्राशिवाय ट्रान्सपोर्टचं लायसन्स होत नाही, तेव्हा ‘आमच्याच यार्डात शिकवतो’ म्हणणाऱ्याला प्रमाणपत्र कोण देणार ते तिथेच विचारा. दुसरा प्रश्न: एका गाडीवर किती पोरं? दहा जण असतील तर नऊ जण बघूनच शिकणार.

तिसरा प्रश्न घाटाचा. समृद्धी महामार्ग २०२५ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या आमण्यापर्यंत गेला, त्यावरून कसारा घाट टळतो, तरी सगळा माल काही तिकडून जात नाही. इगतपुरीहून खाली उतरताना नवा पोरगा पाय ब्रेकवर ठेवूनच बसतो. ब्रेकचे लायनर तापतात, धूर येतो, मग ब्रेक दाबला तरी पकड लागत नाही. उतार लागायच्या आधीच गाडी खालच्या गिअरमध्ये घ्यायची, वेग इंजिनाने धरायचा, ब्रेक अधूनमधून मारून सोडायचा. डिझेल वाचवायला न्यूट्रल करायचं तर नाहीच. हे मोकळ्या गाडीवर, सपाट यार्डात शिकवता येत नाही. भरलेल्या गाडीवर, जुन्या ड्रायव्हरच्या शेजारी बसवून किती ट्रिपा देणार, हे कंपनीने आकड्यात सांगितलं पाहिजे. ‘नंतर बघू’ म्हणाले तर दुसरी कंपनी बघा.

टँकरचं एका दमात सांगता येईल. मनमाडजवळ पानेवाडीला तेल कंपन्यांचे डेपो असल्यामुळे आपल्याकडे टँकरचं आकर्षण आहे. पण धोकादायक मालासाठी वेगळं ३ दिवसांचं प्रशिक्षण आणि लायसन्सवर वेगळी नोंद लागते; तिची मुदत ३ वर्षं, साध्या ट्रान्सपोर्टची ५. नुसत्या हेवीवर तेलाचा टँकर नाही.

राहिलं ‘फुकट’. कोर्सचे पैसे बॉण्डच्या महिन्यांत कमी पगारातून वळते होतात, त्यात गैर काही नाही, हिशेब उघडा असला म्हणजे झालं. मूळ पगार किती, ट्रिपचा भत्ता किती, पीएफ कापतात का, डिझेलचा ॲव्हरेज कमी पडला किंवा मालात तूट आली तर कुणाच्या खिशातून, हे लेखी घ्या. हो म्हणायच्या आधी आडगावच्या ट्रक टर्मिनलवर जाऊन त्या कंपनीच्या गाडीवरच्या, दुसरं वर्ष चालू असलेल्या ड्रायव्हरला विचारा की हातात किती पडतात. आणि मेसेजखालच्या नंबरवर फोन केल्यावर कोणी ‘रजिस्ट्रेशनचे’ म्हणून पैसे मागितले, तर फोन ठेवा. शिकवायचा खर्च करणारी कंपनी पोराकडून आधी फोनवर पैसे मागत नाही.