पद्धत बदला, फोटो पाठवा

शाळेत नवी अध्यापनपद्धती आणायचं ठरवलंत, अभिनंदन मुख्याध्यापकसाहेब! आता मुलांना काय येतं, काय येत नाही, या भानगडीत पडू नका. आधी रंगाऱ्याला बोलवा.

ज्ञानरचनावादाची, म्हणजे मूल स्वतः करून बघत शिकतं या विचाराची, सुरुवात ऑइलपेंटपासून होते, हे आपल्याकडे केव्हाच सिद्ध झालंय. 2015 साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय निघाला आणि साताऱ्याजवळचं कुमठे बीट, म्हणजे या पद्धतीने शिकवणाऱ्या शाळांचा गट, बघायला राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या लागल्या. तिथं मुलं जमिनीवर बसून मणी, काड्या, शब्दपट्ट्या घेऊन स्वतः खटपट करत होती. अडली की शेजारच्याला विचारत होती. ही खटपट गाडीत घालून गावी आणता येत नाही. फरशीचा फोटो मात्र आणता येतो. तेव्हा तुम्हीही वर्गात संख्यारेषा आखून घ्या, कमळाच्या पाकळ्यांत बाराखडी लिहून घ्या, आणि मुलांना बजावून ठेवा की तिच्यावर पाय द्यायचा नाही, रंग उडतो. मण्यांच्या माळा कपाटात कुलपात राहू द्या. हरवल्या तर साठा नोंदवहीत काय लिहिणार?

मग शिक्षकांचं प्रशिक्षण. त्यात तो सुप्रसिद्ध त्रिकोण हवाच: वाचलेलं 10 टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं 20, पाहिलेलं 30 आणि स्वतः केलेलं थेट 90. एडगर डेल या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञांनी 1946 साली मांडलेल्या, या त्रिकोणाच्या मूळ शंकूत टक्केवारी नव्हतीच, हे आकडे मागाहून कुणीतरी चिकटवले, वगैरे कुणी म्हणालं तर त्याला चहाची व्यवस्था बघायला पाठवा. त्रिकोण स्लाइडवरून वाचून दाखवायचा आणि ‘नुसतं ऐकून काही होत नाही’ हे समोरच्या सत्तर शिक्षकांना तीन तास नुसतं ऐकवायचं.

तपासणीची वेळ मात्र हुशारीने निवडा. रोडिगर आणि कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांचा 2006 सालचा प्रयोग इथं कामी येईल. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना त्यांनी उतारे वाचायला दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे. आठवड्याने घेतली तर चित्र उलटं, लिहून काढणारे पुढे. यावरून घ्यायचा तो धडा सरळ आहे: केंद्रप्रमुखांना पाच मिनिटांच्या आत वर्गात आणा. ‘समजलं का रे?’, ‘होऽऽ सर!’, शेरेबुकात सही, फोटो ग्रुपवर. आठवड्यानंतर कोण येतंय?

पाढ्यांचं काय करायचं, हा प्रश्न येईलच. घोकंपट्टी वाईट, म्हणून बंद करून टाका. पाढे पाठही असावेत आणि कळलेलेही असावेत, असं म्हणणाऱ्याला धड कुठल्याच गटात बसता येत नाही, आणि प्रत्येकाने एका गटात असणं चर्चासत्रासाठी गरजेचं असतं.

एखादी नवखी बाई मात्र घात करते. सहावीतल्या पोराने 52 वजा 27 बरोबर 35 लिहिलं, तर लाल फुली मारून पुढे जायचं सोडून ती खाली बसते आणि विचारते, ‘कसं काढलंस?’ पोरगा सांगतो, ‘दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन घेतले.’ म्हणजे त्याची चूक नेमाची आहे. तो रोज, दरवेळी, इमानदारीने हीच करणार. आता बाई दहा-दहा काड्यांचे गठ्ठे काढते, एक गठ्ठा सोडवते, बारातून सात काढायला लावते. यात तास जातो. तिला लगेच समज द्या: सहावीचा अभ्यासक्रम मागे पडतोय, आणि हे तिसरीचं काम आहे. तिसरीत झालं असतं तर सहावीत आलं असतं का, हा प्रश्न बैठकीच्या विषयपत्रिकेवर नाही.

दुर्दैवाने असल्या बायांना पुरावेही सापडतात. 2001च्या सुमारास मुंबई आणि वडोदऱ्याच्या महापालिका शाळांत ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेने बालसखी नेमल्या. वस्तीतल्याच तरुण मुली, जुजबी प्रशिक्षण, महिन्याला पाचशे-साडेसातशे रुपये. तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुलं रोज दोनेक तास बाजूला घ्यायची आणि त्यांना येतं तिथून शिकवायचं. त्या मुलांचे गुण वाढले. हे तपासणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो होते. 2019 साली दोघांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, अशाच प्रयोगांच्या पद्धतीसाठी. पण सांगा, यात उद्घाटन कशाचं करायचं? बालसखीला फीत बांधता येत नाही. त्यापेक्षा लोकवर्गणीतून मोठा टीव्ही घ्या, त्याला शिवलेली गवसणी घाला आणि शाळा डिजिटल झाल्याचा फलक रस्त्यावरून दिसेल असा लावा. विजेचं बिल थकल्यामुळे तो बंद आहे, हे रस्त्यावरून दिसत नाही.

एवढं करूनही वर्षाअखेर मुलं जिथल्या तिथेच निघाली, तर खचू नका. पद्धतीचं नाव बदला. कृतियुक्त अध्ययन, आनंददायी शिक्षण, अनुभवाधारित, क्षमताधारित, नावांना तोटा नाही. जूनमध्ये नवा अहवाल, नवा नमुना, नवी कार्यशाळा. रंगाऱ्याचा नंबर मात्र जपून ठेवा. एप्रिलनंतर तो लग्नाच्या मांडवांत अडकतो आणि भाव वाढवतो.